एमडीच्या अभ्यासाकडे येताना

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत छापा घातला आणि पुढचे काही दिवस वर्तमानपत्रांत किलो आणि कोटी यांचीच भाषा चालली. पुणे शहरात सापडलेल्या थोड्या मालावरून तपास विश्रांतवाडीतल्या एका गोदामात गेला, तिथून कुरकुंभला, आणि मग दिल्ली व सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत. सगळी जप्ती मिळून दीड हजार किलोंच्या वर गेली. किंमत साडेतीन हजार कोटींच्या घरात सांगितली गेली. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये चाकणला पकडलेल्या वीस किलो मालाचा माग काढत पिंपरी-चिंचवडचे पोलीस शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव वसाहतीपर्यंत आले होते. दोन्ही ठिकाणी पदार्थ एकच होता: मेफेड्रोन, बोलण्यातले एमडी.

या प्रकरणांचा निवाडा न्यायालयांनी करायचा आहे आणि तो इथला विषय नाही. मात्र एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. चौफुल्याच्या टपरीवर बसलेल्या माणसालाही माल किती कोटींचा होता हे तोंडपाठ झाले. पण त्यातली चिमूटभर पावडर माणसाच्या हृदयाचे, मूत्रपिंडाचे, झोपेचे काय करते, हे त्याला कोणी सांगितले नाही. कायदा मेफेड्रोन ग्रॅममध्ये मोजतो. दोन ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा, पन्नास ग्रॅमच्या वर व्यावसायिक मात्रा. शरीर ते मिलिग्रॅममध्ये मोजते. ज्यांना या मिलिग्रॅमच्या हिशेबात रस आहे, त्यांच्यासाठी ही प्रस्तावना आहे. हा विषय मराठीत फारसा कोणी मांडलेला नाही, त्यामुळे नव्याने येणाऱ्याला इथे भरपूर जागा आहे.

आधी पदार्थाची ओळख. पूर्व आफ्रिकेत आणि येमेनमध्ये खात नावाच्या झुडपाची कोवळी पाने चघळण्याची जुनी रीत आहे. त्या पानांतले तरतरी आणणारे द्रव्य म्हणजे कॅथिनोन. मेफेड्रोन हा त्याच कुळातला, पण प्रयोगशाळेत जन्मलेला भाऊबंद. १९२९ मध्ये एका फ्रेंच रसायन-नियतकालिकात त्याची नोंद झाली आणि नंतर जवळजवळ पाऊण शतक त्याकडे कोणी फिरकले नाही. २००३ च्या सुमारास ते पुन्हा कोणीतरी बनवून पाहिले, आणि २००९ पर्यंत ब्रिटनमध्ये ते झाडांचे खत म्हणून, कायद्याला वळसा घालून, उघड विकले जाऊ लागले. तिथे एप्रिल २०१० मध्ये बंदी आली. आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याखाली आले. तोवर मुंबईत त्याचा सुळसुळाट झालेला होता आणि ‘म्याऊ म्याऊ’ हे नाव शाळकरी पोरांनाही ठाऊक झाले होते. इथेच एक सावधगिरीची सूचना. परदेशी लिखाणात एमडी म्हणजे बहुतेक वेळा एमडीएमए, अर्थात एक्स्टसी. आपला एमडी तो नव्हे. दोन्हींचे परिणाम सारखे वाटले तरी त्यांची मात्रा, वेग आणि धोके वेगळे आहेत, आणि एकाची माहिती वाचून दुसरा घेणारे लोक असतात.

आता शरीर. मेफेड्रोन मेंदूतल्या चेतापेशींकडून डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनॅलिन ही रसायने एकदम बाहेर काढते आणि ती परत आत जाण्याची वाट अडवते. आठवड्याचा पगार एका रात्रीत उधळावा तसा हा प्रकार आहे. रात्र जोरात जाते, आणि पुढचे दिवस कसे जाणार हेही त्याच वेळी ठरून गेलेले असते. नाकाने ओढल्यावर काही मिनिटांत हुशारी, बडबड, जवळीक, आत्मविश्वास येतो. दोन-तीन तासांत हे सगळे उतरते. हे लवकर उतरणे हाच या पदार्थाचा सर्वांत घातक गुण आहे, असे माझे मत आहे. दारू पिणारा एका टप्प्यावर आडवा होतो, म्हणजे शरीरच त्याला थांबवते. एमडीत तसा थांबा नाही. उतरू लागले की पुन्हा ओढावेसे वाटते, आणि रात्रभरात एकेक करून एकूण मात्रा कुठल्या कुठे जाते. पहिल्या वेळची लज्जत परत येत नाही, पण हृदयावरचा ताण मात्र दर वेळी वाढतो.

लक्षणे ओळखायला अवघड नाहीत. छातीत धडधड, वाढलेला रक्तदाब, ताठलेले जबडे आणि दात खाणे, विस्फारलेल्या बाहुल्या, भरपूर घाम, थंड पडलेली बोटे, नाकातून रक्त. भूक आणि झोप दोन्ही गायब. मात्रा वाढली किंवा नशीब फिरले की फेफरे, भ्रम, छातीत कळ, हृदयाची लय बिघडणे. आणि ताप. या तापावर थोडे थांबायला हवे, कारण आपल्या शिरूर-दौंड भागासाठी तो कळीचा मुद्दा आहे.

१९४६ मध्ये चान्स नावाच्या ब्रिटिश संशोधकाने एक साधी गोष्ट दाखवून दिली. ॲम्फेटामिन हे उत्तेजक दिलेले उंदीर एकेकटे ठेवले तर जितकी मात्रा सोसतात, त्यापेक्षा कितीतरी कमी मात्रेत ते दाटीने ठेवलेल्या पिंजऱ्यात मरतात. औषध तेच, उंदीर तेच, फरक गर्दीचा. पुढे १९९८ मध्ये शिकागो विद्यापीठात मालबर्ग आणि सायडन यांनी एमडीएमए दिलेल्या उंदरांच्या खोलीचे तापमान दोन-दोन अंशांनी बदलून पाहिले. थंड खोलीत जी मात्रा मेंदूला फारशी बाधत नव्हती, तीच थोड्या उबदार खोलीत इजा करत होती. मेफेड्रोनने मेंदूच्या पेशींना कायमची इजा होते का, याबाबत प्राण्यांवरचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. पण उष्णता आणि गर्दी यांनी अशा उत्तेजकांचा धोका वाढतो, ही गोष्ट रुग्णालयांतल्या अनुभवानेही पक्की झालेली आहे. शरीराचे तापमान एकेचाळीस-बेचाळीसवर गेले की स्नायू विरघळू लागतात, त्यातली द्रव्ये मूत्रपिंडात अडकतात, रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते. दौंडच्या मे महिन्यात सावलीतही पारा चाळिशी गाठतो. पत्र्याच्या शेडमध्ये, डीजेच्या भिंतीसमोर, रिकाम्या पोटी दारू घेऊन, अशा रात्री एमडी ओढणारा तरुण त्या उंदरांच्या दाट पिंजऱ्यातच उभा असतो. युरोपातल्या पुस्तकात दिलेला धोक्याचा अंदाज आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही, तो यामुळे.

यावर उपाय म्हणून कोणी भरपूर पाणी प्यायला सांगतो. तेही तितकेच जपून ऐकावे. एक्स्टसीसारख्या पदार्थांनी शरीरात पाणी धरून ठेवणारे संप्रेरक वाढते. त्यात लिटरच्या लिटर साधे पाणी पोटात गेले तर रक्तातले सोडियम घसरते आणि मेंदूला सूज येते. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये अठराव्या वाढदिवसाच्या पार्टीत एक्स्टसीची गोळी घेतलेल्या एका मुलीचा मृत्यू असाच झाला. सगळ्या देशात तो गोळीचा बळी म्हणून गाजला. गोळीच्या जोडीला पाण्याचाही वाटा होता, हे तपासणीत निघाले. नाचून घाम गाळणाऱ्याला पाणी लागते, बसून राहिलेल्याने बादलीभर पिऊ नये, इतका नेमका सल्ला द्यावा लागतो. विषशास्त्र असे नेमके बोलायला शिकवते, आणि म्हणून ते मला प्रिय आहे.

नेमकेपणाची गरज आणखी एका ठिकाणी पडते: पुडीत काय आहे? मार्च २०१० मध्ये ब्रिटनमधल्या स्कन्थॉर्प गावात दोन तरुणांचा मृत्यू झाला. मेफेड्रोनने मेले, अशा बातम्या देशभर पसरल्या आणि बंदीच्या मागणीने जोर धरला. बंदी आली. नंतर रक्ताच्या तपासण्या आल्या, तेव्हा त्या दोघांच्या अंगात मेफेड्रोन नव्हतेच. याचा अर्थ मेफेड्रोन निर्धोक होते असा मुळीच नाही. त्याने झालेले मृत्यू पुढे प्रयोगशाळांनी सिद्ध केले. अर्थ इतकाच की बातमी आणि निदान यांच्यात काही आठवड्यांचे अंतर असते, आणि अभ्यासकाला ते सोसावे लागते. आपल्याकडचे उदाहरण तर याहून मासलेवाईक. २०१५ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात एमडी म्हणून शंभर किलोंहून अधिक पावडर जप्त झाली, महाराष्ट्रभर गाजली, आणि पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात ती अजिनोमोटो निघाली. पांढरी पावडर डोळ्यांनी ओळखता येत नाही. पोलिसाला येत नाही, डॉक्टरला येत नाही, आणि ती नाकाला लावणाऱ्या पोराला तर नाहीच नाही. त्या पुडीत मेफेड्रोन किती, त्याऐवजी दुसरे कुठले कॅथिनोन, केटामिन की कॅफिन, याचा पत्ता विकणाऱ्यालाही नसतो. केटामिन वर्षानुवर्षे ओढणाऱ्यांची मूत्राशये आक्रसून जातात आणि तिशीतला माणूस दर अर्ध्या तासाला लघवीला पळतो, हे आता जगभरच्या मूत्ररोगतज्ज्ञांना माहीत आहे. पण आपण केटामिन घेतो आहोत हेच ज्याला माहीत नाही, तो डॉक्टरला काय सांगणार? रुग्णालयातल्या लघवी तपासण्याच्या साध्या पट्टीवर मेफेड्रोन बऱ्याचदा उमटत नाही. पट्टी कोरी आली म्हणून पोरगा खरे बोलतो असे समजू नये, आणि खोटे बोलतो असेही समजू नये.

महाराष्ट्राकडे व्यसनाच्या अभ्यासाची मोठी शिदोरी आहे. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगरची, म्हणजे गर्दची, लाट आली, तेव्हा डॉ. अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले; डॉ. सुनंदा अवचटांचे त्यातले काम आणि पु. ल. देशपांड्यांचा आधार सर्वांना परिचित आहे. त्या परंपरेतून आपण खूप शिकलो: व्यसन हा आजार आहे, घरच्यांनाही उपचार लागतो, बरे झालेला माणूस दुसऱ्याला उभा करू शकतो. पण त्या ज्ञानाचा साचा दारू आणि गर्दवर घडला, आणि एमडी त्यात नीट बसत नाही. गर्द सुटताना उलट्या, जुलाब, अंग मोडून येणे, असा देखावा असतो. कुटुंबाला कळते की काहीतरी चालू आहे. एमडी सुटते तेव्हा माणूस झोपतो. दोन दोन दिवस झोपतो, उठून भरपूर जेवतो. आई म्हणते, बरा झाला पोरगा. आणि नेमक्या त्याच दिवसांत मन खोल गाळात जाते, कशातच रस उरत नाही, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात. हे दिवस सर्वांत जोखमीचे. गर्दच्या जादा मात्रेवर नालोक्सोन हे उतारा-औषध आहे, व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन आहे. मेफेड्रोनला यातले काहीच नाही. जादा मात्रेत शांत करणारी औषधे, शरीर गार करणे, शिरेतून द्रव. आणि सवय सोडवायला महिनोन्‌महिने चालणारी समुपदेशनाची वाट. औषधाची गोळी मागायला आलेल्या बापाला हे सांगणे अवघड असते.

दुसरी गल्लत मानसिक आजाराची. सलग काही रात्री जागलेला एमडीवाला भिंतीमागे माणसे बोलतात म्हणतो, मोबाइलमधून कोणी पाहते म्हणतो, बायकोवर संशय घेतो. खेड्यात त्याला बाहेरचे लागले असे ठरते आणि देवऋषाची वाट धरली जाते. शहरात स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसतो. बऱ्याच जणांत हे भ्रम पदार्थ थांबल्यावर आणि झोप भरून आल्यावर ओसरतात, काहींत ओसरत नाहीत. हा फरक करायला वेळ द्यावा लागतो, आणि पहिल्याच भेटीत, धमकी न देता, पदार्थाचा प्रश्न विचारावा लागतो.

प्रमाणाचेही भान हवे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या व्यसन-उपचार केंद्राने केलेले सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दारू घेणारे १४.६ टक्के, तर ॲम्फेटामिन वर्गातले उत्तेजक घेणारे ०.१८ टक्के. शिरूर-दौंडमध्ये आजही सर्वांत जास्त संसार दारूच मोडते, आणि एमडीच्या भीतीत हे विसरणे परवडणार नाही. तरीही लहान आकडा म्हणून हा विषय बाजूला सारू नये. उत्तेजके पार्टीपुरती राहत नाहीत. थायलंडमध्ये ‘याबा’च्या गोळ्या ट्रकचालक आणि मजूर जागे राहण्यासाठी घेत, नाचगाण्याशी त्यांचा संबंध नंतरचा. पुणे-सोलापूर आणि पुणे-नगर हे दोन महामार्ग, तीन पाळ्यांचे कारखाने, हंगामात रात्रभर चालणारी ऊसवाहतूक हे आपल्या दोन तालुक्यांचे रोजचे जगणे आहे. जागे राहण्याची गरज इथे पोटाशी बांधलेली आहे. इथल्या अभ्यासकाने फार्महाउसइतकेच ट्रकच्या केबिनकडेही पाहावे, असे मी सुचवेन.

आणि कारखान्यातल्या माणसाकडेही. चोरून चाललेल्या रसायन-निर्मितीत गळती झाली तर भोंगा वाजत नाही, मास्क मिळत नाही, सांडलेले द्रावण नाल्यात जाते. काय बनते आहे हे ठाऊक नसलेला रोजंदारीचा मजूर डोळे चुरचुरत, छाती भरून घरी येतो आणि डॉक्टरला सांगायला त्याच्याकडे रसायनाचे नावही नसते. कुरकुंभच्या आसपासच्या गावांना रासायनिक सांडपाण्याचा त्रास नवा नाही. व्यवसायजन्य आरोग्य या शाखेने या बाजूला अजून हात घातलेला नाही. शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांतून रसायनशास्त्रात बीएस्सी होऊन वसाहतीत लागणाऱ्या मुलामुलींना मी विशेष आग्रहाने बोलावतो. कोणते काम नाकारायचे आणि का, हे समजण्याइतके रसायन तुम्हाला येतेच. त्याच्या जोडीला थोडे विषशास्त्र घ्या.

डॉक्टरकडे उशिरा जाणे हा या सगळ्याचा गाभा आहे. उशीर होतो तो पोलिसांच्या भीतीने. मित्र फेफरे आलेल्याला गाडीत घालून फिरवत राहतात, दवाखान्याच्या दारात सोडून पळतात, किंवा आत नेऊन दारू जास्त झाली एवढेच सांगतात. रुग्णालयाला एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करावी लागते हे खरे. पण शरीर गार करायला जितका उशीर, तितके मूत्रपिंड वाचण्याची शक्यता कमी, हेही तितकेच खरे. एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमात स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण आहे. हे कलम वकिलांना माहीत असते, पालकांना नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे, त्यामुळे व्यसनमुक्तीच्या नावाखाली कोंडून मारहाण करणाऱ्या जागेत पोराला टाकण्याआधी तिची नोंदणी विचारण्याचा हक्क घरच्यांना आहे. तो त्यांनी बजावावा.

या क्षेत्रात यायला एमडीची पदवी लागत नाही, हा विनोद विद्यार्थी करतात. तो खरा आहे. ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका, आशाताई, कंपनीतला सुरक्षा अधिकारी, शाळेतले विज्ञानाचे सर, ट्रक युनियनचा कार्यकर्ता, यांच्या नोंदींशिवाय या दोन तालुक्यांचे चित्र पुरे होणार नाही. नोंद करताना नाव लिहू नका. वेळ, ऋतू, सोबत काय घेतले होते, दवाखान्यात यायला किती वेळ लागला, हे लिहा. एवढ्या चार गोष्टी नीट लिहिलेल्या शंभर नोंदी असतील, तर त्यांतून मराठीत पहिले विश्वासार्ह काम उभे राहू शकेल.

वाचायला बसण्याआधी एवढे मात्र पाठ करून ठेवा. एमडी घेतलेला माणूस तापाने फणफणला, बरळू लागला किंवा कोसळला, तर त्याला गर्दीतून बाहेर काढा, अंगावरचे कपडे सैल करा, ओल्या फडक्याने आणि वाऱ्याने अंग गार करा. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा. हातपाय बांधू नका, दाबून धरू नका. झटापटीने ताप आणखी चढतो. १०८ ला फोन लावा आणि डॉक्टरला काय घेतले, किती, कधी, कशासोबत, ते खरे सांगा. व्यसन सोडण्यासाठी मदत हवी असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे आणि मन खचले असेल तर टेली-मानसचा १४४१६. दोन्ही ठिकाणी फोन करायला पैसे पडत नाहीत.